डावीकडे पाहणारा बैल

छापखान्यात ज्याने आयुष्याची चाळीस वर्षे घालविली त्याने लेखणी हाती घेतली म्हणजे तो ग्रंथांविषयी, ग्रंथकारांविषयी, निदान एखाद्या साप्ताहिकाच्या उदयास्ताविषयी काही सांगेल, अशी वाचकाची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु १९५६ सालच्या दिवाळीत, म्हणजे आमचा परभणी जिल्हा हैदराबाद राज्याच्या दप्तरातून निघून मुंबई राज्याच्या दप्तरात रुजू झाला त्याच आठवड्यात, वयाच्या पंधराव्या वर्षी मी ज्या छापखान्यात उमेदवार म्हणून दाखल झालो, तेथे पुढील चाळीस वर्षांत एकही ग्रंथ छापला गेला नाही. तेथे छापली जात ती विड्यांच्या बंडलांवरची लेबले, चहाच्या पुड्यांची वेष्टने, तपकिरीच्या डब्यांवर चिकटवावयाचे गोल कागद, करडईच्या तेलाच्या डब्यांवरचे पट्टे आणि लग्नसराईत लग्नपत्रिका. माझ्या हातून जेवढ्या प्रती निघाल्या तेवढ्या कोणा नामांकित कादंबरीकाराच्याही निघाल्या नसतील. आणि त्यांतल्या जवळजवळ सर्व, छापल्यापासून दोन-चार महिन्यांच्या आत, चुलीत, गटारात किंवा शेळ्यांच्या पोटात जाऊन विलय पावल्या.

हा छापखाना जुन्या मोंढ्याच्या मागच्या बोळात होता. पायाने चालवावयाची दोन ट्रेडल मशीने, कागद कापण्याचे एक यंत्र, मराठी आणि इंग्रजी खिळ्यांच्या पेट्या, एक जुळारी, एक मशीनवाला आणि मी, एवढाच तेथला संसार. उर्दूचे खिळे आमच्याकडे नव्हतेच. उर्दू मजकूर एक वृद्ध कातिब बोरूने लिहून देत आणि त्या लिखाणावरून हैदराबादेहून जस्ताचा ठसा बनून रेल्वेच्या पार्सलाने येई, कारण नस्तालिक लिपीचा झोक शिशाच्या खिळ्यांत उतरत नाही, असे ते कातिबसाहेब सांगत, आणि त्यांचे म्हणणे छपाईच्या इतिहासानेही दीर्घकाळ खरे ठरविले. निजामी अमदानीतल्या लेबलांवर उर्दूची ओळ वर आणि मराठीची खाली असे. राज्य बदलल्यावर हा क्रम हळूहळू उलटला, आणि पुढे कित्येक लेबलांवरून उर्दूची ओळ अजिबात नाहीशी झाली, तरी मधले चित्र मात्र होते तेथेच राहिले. या गोष्टीचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही.

सरकारी फेरफार झाला की त्याचा पहिला लाभ छापखान्यास होतो, हे मी त्या पहिल्याच वर्षी शिकलो. हाली आणि कलदार अशा दोन नाण्यांचा हिशेब ज्यांच्या जिभेवर खेळत असे त्या आमच्या व्यापाऱ्यांपुढे १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे येऊन उभे राहिले, आणि आण्याचे नवे पैसे किती हे सांगणारी कोष्टके आम्ही रात्रीचा दिवस करून छापली; त्यापाठोपाठ शेर जाऊन किलो आला, तेव्हा वजनाची ओळ असलेले प्रत्येक लेबल पुन्हा जुळवावे लागले. कारखानदार आकडा बदलीत, पत्ता बदलीत, वारसाहक्काच्या भांडणात मालकाचे नावही बदलीत. परंतु चित्रास हात लावावयाचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद असे.

एक तिरंगी लेबल म्हणजे तीन ठसे आणि तीन वेळा छपाई. प्रथम पिवळा रंग, तो वाळला म्हणजे तांबडा, आणि अखेरीस काळा किंवा निळा. पिवळ्यावर तांबडा पडला की नारिंगी आणि निळा पडला की हिरवा, अशा रीतीने तीन शायांच्या पैशांत पाच रंग गिऱ्हाइकाच्या पदरात टाकण्याची काटकसर हीच आमची चित्रकला. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगे आणि पहिला रंग जेथे पडला होता तेथे दुसरा बसेना; रंग केसभर सरकला तरी सिंहास दोन जिभा आणि मोरास दोन चोची फुटत. उन्हाळ्याचा त्रास निराळा. शाईचे रूळ आम्ही सरस आणि गूळ एकत्र शिजवून छापखान्यातच ओतीत असू, आणि वैशाखात परभणीचे ऊन बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर गेले म्हणजे ते रूळ पाघळून त्यांस मुंग्या लागत. म्हणून पहाटे चारला मशीन सुरू करून दहाच्या आत बंद करावयाचे, दुपारी कापाकापी आणि शंभरा-शंभरांच्या गड्ड्या बांधावयाच्या, असा त्या दोन महिन्यांचा शिरस्ता होता. उजव्या पायाने पायटा हलवीत, उजव्या हाताने कोरा कागद लावीत आणि डाव्याने छापलेला काढून घेत असता बोटे चिरडू न देणे, एवढेच माझ्या कलेचे पहिले दीड वर्ष होय.

चित्रास हात का लावावयाचा नाही, हे मला एका चुकीने शिकविले. आणि ती चूक सर्वस्वी माझी होती.

१९६१ च्या पावसाळ्यातली गोष्ट. एका विडी कारखानदाराच्या लेबलावर बैलाचे चित्र होते. त्या बैलाचा ठसा लाखो छापांनी झिजून बोथट झाला होता, म्हणून जुने लेबल नमुन्यादाखल पाठवून नवा ठसा बनवून घेण्याचे ठरले. नवा ठसा आला. बैल धष्टपुष्ट होता, शिंगांवरच्या रेघाही सुबक उमटल्या होत्या. चित्राचा ठसा वेगळा आणि अक्षरांची जुळणी वेगळी असल्यामुळे मी प्रूफ काढून अक्षरे दोनदा तपासली, नाव, गाव, 'असली मालावर हाच छाप पाहून घ्या' ही सूचना, सर्व बरोबर होते. आणि चाळीस हजार लेबले छापून, कापून, बांधून रवाना केली. तिसऱ्या आठवड्यात त्या कारखान्याचे मुनीमजी एक बंडल हातात घेऊन छापखान्याच्या पायरीवर येऊन बसले. जिंतूरच्या आणि बोरीच्या बाजारातून माल परत आला होता. विडी तीच, तंबाखू तीच, पान तेच. परंतु गिऱ्हाइकांनी बंडल हातात घेऊन, फिरवून पाहून, परत ठेवून दिले होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने दुकानदारास स्पष्टच सांगितले होते म्हणे, “ह्यो बैल आमचा न्हाई, शेठ. आमचा बैल उजवीकडं बघतो. ह्यो नकली माल हाय.”

ठसा करणाऱ्याकडे चित्र उलटे पडले होते आणि बैल डावीकडे पाहू लागला होता. छापखान्याच्या मालकांनी मला शब्दाने दुखविले नाही. नुकसानीची रक्कम मात्र माझ्या पगारातून आठ महिने वळती करून घेतली. मी चाचरत म्हणालो, “मालक, अक्षरं मी दोनदा तपासली होती.” त्यावर ते चष्मा पुसत म्हणाले, “अक्षरं तू तपासलीस, बाबा. पण ती वाचणार कोण होतं?”

१९५१ च्या जनगणनेत या देशातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा १८ च्या आसपास होते, आणि निजामाचा मुलूख त्याहूनही मागे होता, ही गोष्ट मी पुढे कधीतरी वाचली. पण तिचा खरा अर्थ मला त्या पायरीवर कळला होता. ज्यास वाचता येत नाही त्यास जगात फसविणे सर्वांत सोपे, आणि म्हणूनच तो चित्राकडे ज्या काकदृष्टीने पाहतो त्या दृष्टीने पंडित पोथीकडे पाहत नसेल. आपल्या भाषेत 'छाप' हा एकच शब्द ठशाचाही आहे, मालाच्या खुणेचाही आहे आणि मनावर पडणाऱ्या ठशाचाही आहे. भाषा घडविणाऱ्यांस जे ठाऊक होते ते मला चाळीस हजार लेबले वाया घालवून शिकावे लागले. दुकानात येणारे गिऱ्हाईक घड्याळछाप मागते, कंदीलछाप मागते, त्या वेळी ते चित्राचे कौतुक करीत नसते; ते एका करारावर बोट ठेवीत असते. सदर चित्र आहे तोवर सदर माल तोच आहे, असा तो करार, आणि त्याचा दस्तऐवज म्हणजे ते दोन बोटांएवढे लेबल.

त्या दिवसापासून छापखान्यात नमुन्याची वही सुरू झाली. प्रत्येक कामाची एक प्रत खळीने चिकटवावयाची, खाली तारीख, शायांचा क्रम आणि नग लिहावयाचे, आणि पुढच्या वेळी छपाई सुरू करण्यापूर्वी ठसा त्या प्रतीशेजारी धरून डावे-उजवे पाहावयाचे, हे काम माझ्याकडे आले. वहीच्या ४१ व्या पानावर मी तो डावीकडे पाहणारा बैल चिकटविला, केवळ स्वतःस दटावण्यासाठी.

१९६३ च्या उन्हाळ्यात हिंगोलीकडचे एक वृद्ध पेन्शनर जमादार नातीच्या लग्नाची पत्रिका छापून घेण्यास आले. हिंगोली त्या वेळी आमच्याच जिल्ह्यात होती. १ मे १९९९ रोजी ती वेगळी झाली. पत्रिकेभोवती वेलबुट्टी कोणती घालावी हे दाखविण्यासाठी त्यांनी धोतराच्या सोग्यातून पत्र्याची एक चपटी डबी काढली, आणि तीतून लहान लहान जाड कागदांची बावीस चित्रे माझ्यापुढे मांडली. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर मिसर देशात होते. गोरे सोल्जर कैंचीछाप सिगारेटचे पाकीट फोडून आतले चित्र भिरकावून देत आणि हे ते उचलून ठेवीत. स्वतः जमादारांनी आयुष्यात सिगारेट ओढली नव्हती. चित्रांत तऱ्हेतऱ्हेच्या गणवेशांतले शिपाई होते, विलायती नटी होत्या, शर्यतीचे घोडे होते. पाठीमागे विल्स कंपनीचे नाव आणि मालिकेतला अनुक्रमांक. मी भिंग लावून पाहिले, तो एका गालाच्या गुलाबी छटेसाठी चार निरनिराळ्या रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी बसविलेले, आणि एकही ठिपका आपली जागा सोडून सरकलेला नाही. तीन रंगांत ज्याची त्रेधा उडे अशा मला ते पाहून स्वतःच्या धंद्याची लाज वाटली आणि अभिमानही वाटला. मी विचारले, “जमादारसाहेब, इतकी वर्षं हे का जपलंत?” ते म्हणाले, “मागं नंबर आहे ना. बाकीचे कधीतरी मिळतील असं वाटायचं.”

त्या उत्तरात एका मोठ्या धंद्याचे मर्म होते, हे पुढे वाचनाने कळले. अमेरिकेत १८८० च्या दशकात सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत आणि खिशात चुरगळत. ती ताठ राहावीत म्हणून आत जाड कागदाचा एक तुकडा घालीत. जेम्स बॉन्सॅक नावाच्या तरुणाने सिगारेट वळण्याचे यंत्र शोधून १८८१ साली त्याचे पेटंट घेतले. ते यंत्र दिवसाकाठी लाखाहून अधिक सिगारेटी वळू लागले, आणि माल उदंड झाला तेव्हा तो खपवावा कसा, हा प्रश्न पुढे आला. व्हर्जिनियातील रिचमंड गावच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने त्या कोऱ्या तुकड्यावर चित्रे छापली; १८८७ च्या तिच्या 'जगज्जेते' मालिकेतील पन्नास चित्रांत दहा बेसबॉल खेळाडूंची होती. ज्या तुकड्याचे काम केवळ कण्याचे होते त्याच्यावर चेहरा उमटला, त्या चेहऱ्यास क्रमांक मिळाला, आणि संच पुरा करण्याच्या ओढीने माणूस, विशेषतः ज्याने सिगारेट ओढू नये असा मुलगा, त्याच छापाचे पाकीट पुन्हा मागू लागला. इंग्लंडात विल्स कंपनीने हाच मार्ग धरला. १८९६ साली तिने पन्नास क्रिकेटपटूंची मालिका काढली, आणि आमचे रणजितसिंहजीही विलायतेतल्या अशा कार्डांवरून सिगारेटच्या पाकिटांत जाऊन बसले. दुसऱ्या महायुद्धातील कागदाच्या टंचाईने १९४० साली तेथली ही प्रथा बंद पडली.

इकडे हिंदुस्थानात इम्पीरियल टोबॅको कंपनी १९१० साली कलकत्त्यास स्थापन झाली. आमच्या संस्थानात वझीर सुलतान यांच्या हैदराबादच्या कारखान्याने राजधानीची खूणच जणू पिवळ्या पाकिटावर उचलून आणली आणि चारमिनार सिगारेट परभणीच्या स्टेशनापर्यंत पोहोचविली. तथापि आमच्या खेड्यांचे व्यसन सिगारेट नव्हते, विडी होते. आणि विडीच्या बंडलात वेगळे चित्र घालण्याची ऐपत कोणा कारखानदारास नव्हती. त्याचे चित्र बंडलावरच गुंडाळलेले आणि खळीने चिकटविलेले. पहिली विडी ओढून काढावयाची म्हणजे प्रथम ते फाडावयाचे.

येथेच मला दोन देशांच्या छापील चित्रांच्या नशिबातला भेद दिसतो. अमेरिकेतले कार्ड मालापासून सुटे होते; माल जळून गेला तरी ते उरावे, अशीच त्याची योजना होती. आमचे लेबल मालाची शपथ वाहण्यासाठी जन्मले आणि शपथ पुरी होताच फाटले. कापडाच्या ठाणावर मँचेस्टरचे व्यापारी जी रंगीत टिकटे लावीत, ज्यांवर कृष्ण, लक्ष्मी, राजे, हत्ती असत, ती ओलसर फडक्याने सोडवून घेता येत. म्हणून ती कित्येक घरांच्या देव्हाऱ्यांत आणि ट्रंकांच्या झाकणांत टिकली. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईस शिळाछापखाना काढला व तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्याची चित्रे भिंतीवर लावण्यासाठीच निघाली, म्हणून १९७२ साली तो छापखाना आगीत सापडला तरी चित्रे घरोघर राहिली. कागद किती उत्तम, शाई किती पक्की, यावर छापील वस्तूचे आयुष्य अवलंबून असते असे मी उमेदवारीत शिकलो होतो; वास्तविक ते वस्तू उघडताना ती फाडावी लागते की नाही, यावर अवलंबून असते.

अर्थात आमच्याकडे संग्रहाची हौस नव्हती असे नव्हे. लहानपणी आम्ही काडेपेट्यांचे आणि सिगारेटच्या पाकिटांचे 'छापे' जमवीत असू, जमिनीवर रिंगण आखून त्यात ते मांडीत असू आणि चपट्या दगडाने बाहेर उडवून जिंकीत असू. त्या बाजारात जो छापा जागोजाग पडलेला सापडे त्यास कवडीची किंमत, आणि रेल्वेच्या पहिल्या वर्गाच्या डब्याखाली एखादे परमुलखीचे पाकीट मिळाले तर त्याच्या मोबदल्यात पंचवीस. आमच्या मुलांच्या पिढीने हाच व्यवहार चघळण्याच्या गोंदाबरोबर मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांवर केला. दुर्मिळतेचे हे अर्थशास्त्र कोणी कोणास शिकवावे लागत नाही.

अमेरिकेत तर ते पराकोटीस गेले. १९०९ ते १९११ या तीन वर्षांत अमेरिकन टोबॅको कंपनीने बेसबॉल खेळाडूंची पाचशेहून अधिक चित्रे काढली. पांढऱ्या किनारीची, दीड इंच रुंदीची, शिळेवरून छापलेली. त्यांत होनस वॅग्नर या पिट्सबर्गच्या विख्यात खेळाडूचे चित्र छपाई सुरू होताच थांबविण्यात आले. तंबाखूबरोबर मुलांच्या हाती आपले चित्र जाऊ नये असे त्याचे म्हणणे होते, की मोबदल्यावरून तंटा होता, याविषयी जाणकारांत आजही एकमत नाही. जी थोडी कार्डे बाहेर पडली होती त्यांपैकी साठीच्या आसपास आज ठाऊक आहेत, आणि त्यांतले एक २०२२ साली साडेबहात्तर लाख डॉलरांस विकले गेले. त्याच मालिकेत शेरी मॅगी या खेळाडूच्या आडनावात जुळाऱ्याकडून एक इंग्रजी अक्षर चुकले. कंपनीने ते तत्काळ सुधारले, आणि सुधारलेले कार्ड स्वस्त व चुकलेले महाग, असा न्याय संग्राहकांनी दिला. हे वाचून मला त्या अज्ञात जुळाऱ्याविषयी जो बंधुभाव वाटला तो कोणत्याही ग्रंथकाराविषयी वाटलेला नाही. त्याच्याही पगारातून काही वळते झाले असेल काय?

या सगळ्या कौतुकात एक गोष्ट झाकली जाऊ नये, म्हणून ती स्पष्ट सांगतो. ही सर्व कला एका व्यसनाच्या चाकरीत होती. ज्या विडीचे लेबल मी सुबक छापले ती वळणाऱ्या बायाबापड्या दिवसभर सूप मांडीवर घेऊन तंबाखूची धूळ छातीत घेत, आणि ती ओढणारे आमच्याच बोळातले हमाल पन्नाशीच्या आत खोकून खोकून गेले. आमच्या मालकांचा एक नियम होता: विडी, जर्दा, तपकीर यांच्या लेबलावर देवाचे किंवा संताचे चित्र छापावयाचे नाही, कोणी गणपती घेऊन आला, कोणी पीराचा दर्गा घेऊन आला, तर त्यास चहा पाजून परत पाठवीत. “हे लेबल उद्या पायाखाली येणार आहे,” एवढेच ते सांगत. या नियमापायी हातची कामे गेली. मी मात्र बैल, मोर, घड्याळे निःशंकपणे छापीत राहिलो. बैलही आमच्या मुलखात पोळ्यास पुजला जातो, हे मला त्या वेळी सुचले नाही.

पुढे ऑफसेट आले. शिवकाशीहून चार रंगांतली लेबले गठ्ठ्यांनी, आमच्या कागदाच्या किमतीत येऊ लागली, आणि १९९६ साली आमची मशीने भंगाराच्या भावाने गेली. नमुन्याच्या वह्या तीन झाल्या होत्या. सामान हलविताना त्या मी एका ओलसर खोलीत ठेवल्या आणि दोन पावसाळे उघडून पाहिल्या नाहीत. खळ गव्हाची असल्यामुळे वाळवीने दोन वह्या पूर्णपणे फस्त केल्या. पहिली तेवढी वाचली, तीही वरच्या कोपऱ्यात कुरतडलेली.

त्याच सुमारास जेफर्सन बर्डिक या माणसाची हकिकत माझ्या वाचनात आली. सिराक्यूज गावच्या विजेच्या सामानाच्या कारखान्यातला हा कामगार. संधिवाताने बोटे वाकडी झालेली. धनिक नव्हे, कलापंडित नव्हे. त्याने सिगारेटची कार्डे, जाहिरातीची चित्रे, असला सर्व केरकचरा म्हणून गणला गेलेला माल जमविला, त्याची १९३९ साली सूची केली, आणि १९४७ पासून आपला तीन लाखांहून अधिक नगांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देऊन, त्याच वाकड्या बोटांनी तो स्वतः वह्यांत चिकटवीत बसला. वॅग्नरच्या त्या मालिकेस आज सारे जग 'टी-२०६' म्हणून ओळखते तो क्रमांकही याच्याच सूचीतला. १९६३ च्या जानेवारीत शेवटचे पान चिकटवून तो उठला आणि मार्चमध्ये वारला. म्हणजे हिंगोलीचे जमादार ज्या उन्हाळ्यात ती डबी घेऊन आमच्या पायरीवर आले, त्याच वर्षी. जमादारांच्या पश्चात ती डबी कोठे गेली, याची मी चौकशी केली. घरच्यांनी ती मुलांस खेळावयास दिली होती.

आता तंबाखूच्या जाहिरातीस कायद्याने मनाई आहे, आणि २००९ पासून तिच्या वेष्टनांवर सरकारी हुकुमाने रोगाचे चित्र छापावे लागते. २०१६ पासून तर चित्र आणि लेखी इशारा यांनी मिळून वेष्टनाच्या दर्शनी बाजूचा ८५ टक्के भाग व्यापला आहे. जे आमच्या मालकांनी पायरीवर सांगितले होते तेच सरकारासही उमगले: अक्षरांत दिलेला इशारा वाचणार कोण? ज्या चित्राने निरक्षरास विडीकडे बोलाविले त्याच चित्राच्या हातून त्यास आता परत पाठविण्याचे काम घेतले जात आहे, आणि ते यशस्वी व्हावे, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.

अलीकडे पुण्या-मुंबईकडची काही तरुण मंडळी जुनी लेबले शोधीत माझ्याकडे येतात. त्यांस मी एवढीच विनंती करतो, आणि वाचकांसही करतो: घरात जुन्या ट्रंकेच्या झाकणात, दुकानाच्या पोटमाळ्यावर, वहीच्या पुठ्ठ्यात असे एखादे लेबल सापडले तर त्यास नवा गोंद लावू नका, ते पातळ पेटीत सुटे ठेवा, आणि शेजारी एका कागदावर पेन्सिलीने लिहा की हे कोठे सापडले आणि कोण काय विकत असे. चित्र उरते, चित्रामागची शपथ लिहून ठेवल्याशिवाय उरत नाही.

गेल्या वर्षी अशाच एका तरुणाने ४१ व्या पानावर बोट ठेवले आणि त्या एका लेबलासाठी, आठ महिने जी रक्कम माझ्या पगारातून वळती झाली तिच्या कितीतरी पट रक्कम देऊ केली, कारण डावीकडे पाहणारा बैल त्याने दुसरीकडे कोठे पाहिला नव्हता. मी तो दिला नाही. त्याच्याखाली १९६१ सालच्या माझ्या अक्षरात तारीख आहे, शायांचा क्रम आहे, नग चाळीस हजार आहे, आणि शेवटची ओळ आहे: परत आला, चूक माझी.